कळफलकाची कळ

मराठीत ‘कळ’ या दोन अक्षरांना जेवढी कामे आहेत तेवढी बँकेतल्या शिपायालाही नसतील. पोटात येते ती कळ, नारदमुनी लावून देतात ती कळ, यंत्राला असते ती कळ, आणि ‘साहेब जेवायला गेलेत, जरा कळ सोसा’ असे काउंटरवरून आम्ही सांगतो तीही कळच. ‘कीबोर्ड’ला ज्या कोणा परिभाषापंडिताने ‘कळफलक’ हा प्रतिशब्द दिला, त्याने या सगळ्या कळा एकाच फलकावर बसवल्या हे त्याला ठाऊक होते की नाही कोण जाणे! पण शब्द अगदी चपखल आहे. त्यातली खरी मेख अशी की ‘कळ’ हा शब्द ज्या अक्षराशिवाय लिहिता येत नाही ते ‘ळ’ हे अक्षर, ज्या देशात हा फलक जन्माला आला त्या देशात नाहीच. पुढचे सगळे महाभारत इथूनच सुरू होते.

अस्मादिक बी.कॉम. इतिहासाशी आमची फारकत दहावीलाच झाली. पण जमाखर्च म्हणाल तर तो आम्हाला समजतो, आणि कळफलकाचा इतिहास हा शेवटी जमाखर्चच आहे. भांडवल चाळीस-पंचेचाळीस कळांचे आणि मागणी शेकडो अक्षरांची. म्हणजे धंदा पहिल्या दिवसापासून तोट्यात.

हा धंदा सुरू केला अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या क्रिस्टोफर शोल्स नावाच्या एका वृत्तपत्रवाल्याने. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले रेमिंग्टन कंपनीने. ही कंपनी मूळची बंदुका बनवणारी. टाइपरायटरचा आवाज तसा का येत असे, याचा उलगडा आम्हाला हे वाचल्यावर झाला. त्या पहिल्या यंत्रात फक्त मोठी, म्हणजे कॅपिटल अक्षरे होती. त्यामुळे त्यावर लिहिलेले प्रत्येक पत्र, मग ते प्रेमाचे का असेना, थकबाकीच्या नोटिशीसारखे दिसे. १८७८ साली शिफ्टची कळ आली आणि लहान अक्षरांची सोय झाली. ‘शिफ्ट’ म्हणजे अक्षरशः शिफ्ट बरं का. कळ दाबली की यंत्राचा एक भाग उचलून सरकत असे. म्हणजे शिफ्टमध्ये काम करणे हा प्रकार यंत्रांनी आमच्या आधीच सुरू केला होता.

पण आमच्यासारख्या बँकवाल्याला घाम फुटावा अशी गोष्ट पुढेच आहे. त्या पहिल्या यंत्रावर आकडे होते ते दोनपासून नऊपर्यंत. एक आणि शून्य नव्हतेच! एकासाठी इंग्रजी ‘आय’ मारायचा आणि शून्यासाठी ‘ओ’. कळा वाचवायच्या ना! ‘दहा डॉलर मिळाले’ असे लिहायचे तर ‘आयओ’ डॉलर मिळाल्याची पावती. आणि नियतीची विनोदबुद्धी पाहा. पुढे शंभर वर्षांनी ज्या संगणकाने या यंत्राला घरी बसवले, त्याचा सगळा संसार चालतो तो फक्त एक आणि शून्य या दोनच आकड्यांवर. ज्यांना दारातून हाकलले तेच मालक होऊन परत आले. हिंदी सिनेमात यापेक्षा वेगळे काय असते?

कळा कमी म्हणून कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे याचे निर्णय सगळीकडे असेच झाले. पण एकदा का फलकावर जागा मिळाली की नशीब कधी फळफळेल सांगता येत नाही. ‘ए’भोवती शेपूट गुंडाळलेली ती ‘ॲट’ची खूण घ्या. तिला फलकावर आणले ते आमच्या लोकांनी, म्हणजे हिशेबनिसांनी. ‘बारा पोती, दर अमुक’ यातल्या ‘दर’साठी ती खूण होती. हिशेबाच्या वहीबाहेर तिला कुत्रे विचारत नव्हते. १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवायचा होता. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये टाकायला त्याला अशी एखादी खूण हवी होती, जी कोणाच्याही नावात येत नाही. त्याने आपल्या टेलिप्रिंटरच्या फलकाकडे पाहिले, आणि ही उपेक्षित कारकून बाई त्याला दिसली. आज सगळ्या जगाच्या पत्त्यात ती ऐटीत बसलेली असते. कॉमर्स शाखेने जगाला काय दिले असे कोणी विचारले तर आम्ही आता बेधडक ही खूण दाखवतो.

आता आपल्याकडे वळू. टाइपरायटर देवनागरीच्या दारात आला तेव्हा त्याची जी गाळण उडाली असेल ती कल्पनेनेच पाहावी. छापखान्यात देवनागरीसाठी शेकडो खिळे लागत. काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांचा तो पसारा पेटीतून उचलून लावणारा जुळारी ही एक तपश्चर्याच होती. तो सगळा लवाजमा पंचेचाळीसच्या आसपास कळांत बसवायचा, म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांत लग्नाचे वऱ्हाड उतरवण्यापैकीच होते.

तेव्हा दोन पक्ष पडले. एक म्हणाला, यंत्र बदलत नाही तर लिपी बदला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला तो या विचाराने. ‘इ, ई, उ, ऊ’ ही वेगळी अक्षरे कशाला? ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्या: अि, अी, अु, अू. खिळेही वाचतील आणि कळाही. किर्लोस्करांच्या मासिकांनी ही पद्धत वापरली. जुने अंक चाळताना ‘अितिहास’ आणि ‘अुत्तम’ असे शब्द भेटतात तेव्हा मुद्रितशोधक रजेवर होता असे समजू नये. तो एक विचार होता, आणि बचतीचा होता म्हणून आम्हाला तो मनापासून आवडतो. पण मराठी माणूस खर्च कमी करा म्हटले की माना डोलावतो आणि पगारातून कपात सुचवली की संपावर जातो. ‘इ’ आणि ‘उ’ जागच्या जागी राहिले.

दुसरा पक्ष म्हणाला, लिपी राहू द्या, युक्ती करा. मराठी टाइपरायटर हा या युक्तीचा नमुना होता. अक्षरांची त्यांनी चक्क भागीदारी संस्था काढली. ‘ख’, ‘ण’, ‘भ’, ‘श’ ही अक्षरे फलकावर पूर्ण नव्हतीच. त्यांची नुसती अर्धी अंगे होती. पूर्ण ‘ख’ हवा तर अर्धा ‘ख’ मारायचा आणि शेजारी काना ठोकायचा. एकच काना डझनभर अक्षरांत भागीदार! कायद्याच्या पेपरात असा ‘कॉमन पार्टनर’ आम्हाला कधी आला असता तर आमचे दोन मार्क वाढले असते. अनुस्वार, उकार, मात्रा, रफार यांसाठी ‘डेड की’, म्हणजे मेलेल्या कळा. ती दाबली की खूण उमटते, पण गाडा पुढे सरकत नाही. पुढचे अक्षर त्याच जागेवर येऊन बसते. फ्रेंच लोक आपल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या काही खुणा याच युक्तीने काढत. खूण उमटवायची पण जागचे हलायचे नाही, ही कला सरकारी कचेऱ्यांतून पुढे किती फोफावली ते आम्ही सांगायला नको.

१९५५ साली गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. लग्नाच्या बाजारात ‘मुलगी मराठी चाळीस’ याला वजन आले. हे चाळीस म्हणजे वय नव्हे, मिनिटाला शब्द. त्या पिढीच्या बोटांत एक गोष्ट पक्की बसली: ‘कि’ लिहायचे तर वेलांटी आधी, ‘क’ नंतर. कारण कागदावर ती आधी दिसते. टाइपरायटर हा डोळ्यांचा कारभार होता. दिसेल तसे मारा.

मग संगणक आला, आणि त्याने एक क्रांती केली. ती इतकी गुपचूप होती की भल्याभल्यांच्या लक्षात आली नाही. टाइपरायटरची कळ म्हणजे अक्षरच. तिच्या दुसऱ्या टोकाला खिळा जोडलेला. संगणकाच्या कळेला खिळाबिळा काही नाही. ती दाबली की आत जातो तो फक्त एक नंबर. पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलात की चेक घेऊन पितळी टोकन हातावर ठेवत, आठवते? सदतीस नंबरचे टोकन म्हणजे कोणी सदतीसराव नव्हेत. रोखपालाच्या रजिस्टरात सदतीससमोर ज्याचे नाव, तो माणूस. संगणकाची कळ हे असले टोकन आहे. त्यावर पांढऱ्या रंगात ‘के’ छापलेला असो की काहीही. आत एक रजिस्टर आहे, त्यात त्या नंबरासमोर ‘क’ लिहिलेला असला की पडद्यावर ‘क’ येतो. रजिस्टर बदला, टोकन तेच, माणूस दुसरा. म्हणजे कळा कमी आहेत हे शंभर वर्षांचे रडगाणे एका फटक्यात संपले! एकेका कळेमागे साधे, शिफ्टचे, उजव्या ‘आल्ट’चे, अशी तीन-चार नावे लिहिता येतात. आता अडचण कळांची उरली नाही, रजिस्टर कोण लिहिणार याची उरली.

१९८६ साली सरकारी पातळीवर ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचे असे रजिस्टर ठरले. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जे काम केले ते पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले. इन्स्क्रिप्टची मांडणी एखाद्या जुन्या हेडक्लार्कने करावी तशी शिस्तीची. खतावणीच्या दोन बाजूंसारखे डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. साध्या कळेवर ‘क’, शिफ्ट धरली की ‘ख’. साध्या कळेवर ‘त’, शिफ्टवर ‘थ’. आणि मुख्य म्हणजे कारभार डोळ्यांकडून काढून कानांकडे दिला. ‘कि’ लिहायचे तर आधी ‘क’ आणि मग वेलांटी, जसे बोलतो तसे. ज्यांची बोटे ‘मराठी चाळीस’ होती त्यांना हे म्हणजे पन्नाशीत डाव्या हाताने जेवायला सांगण्यासारखे झाले.

पण आपण मराठी माणसे. सरकारी रजिस्टर एक असले तरी खासगी पतपेढ्या निघाल्याच. १९९० नंतर मराठी फाँटांचे पेव फुटले आणि प्रत्येकाने आपापले रजिस्टर छापले. एकाच्या रजिस्टरात ज्या नंबरावर ‘म’, त्यावर दुसऱ्याच्या रजिस्टरात ‘ढ’. लग्नपत्रिकेचा मजकूर दादरहून पुण्याला पाठवला की तिथे ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या जागी डॉलर, कंस, उलटी स्वल्पविरामे आणि मधूनच एखादा इंग्रजी ‘झेड’ असा प्रसाद उतरे. पत्र बरोबर, पोस्ट बरोबर. फक्त टोकन या बँकेचे आणि रोखपाल त्या बँकेचा.

या भांडणात शेवटी युनिकोड पंच म्हणून आला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा खातेनंबर, मग शाखा कुठलीही असो. देवनागरीला मिळाल्या १२८ जागा, आणि मांडणी भारतीय मानकावरूनच घेतली. ‘ळ’ला जागा मिळाली. पण ‘ॲ’ बाहेरच! हिंदीसाठी ‘ऍ’ होता, म्हणजे ‘ए’वर चंद्र. आपला मराठी ‘अ’वरचा चंद्र मात्र रजिस्टरात नाही. ‘अ’ मारून वर चंद्र ठेवायला जावे तर चंद्र आणि ‘अ’ यांच्यामध्ये एक ठिपक्यांचा पोकळ गोल उगवे. हा ‘ॲ’ आत आला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत जर्मनांच्या ‘एसत्सेट’ या अक्षराच्या मोठ्या रूपालाही जागा मिळाली. जर्मनीने ते रूप आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांत घेतले २०१७ साली. महाराष्ट्र सरकारने वर्णमालेच्या निर्णयात ‘ॲ’ला बसवले २००९ साली. म्हणजे निदान एका बाबतीत आपण जर्मनीच्या आठ वर्षे पुढे आहोत. हे आम्ही चहाच्या सुट्टीत मोठ्याने सांगितले, पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

एकूण ही कळ सगळ्यांनाच आहे. तुर्कांनी १९२८ साली नवी लिपी घेतली, त्यात टिंबाचा ‘आय’ वेगळा आणि बिनटिंबाचा वेगळा. मग १९५५ साली त्यांनी आपल्या भाषेच्या सोयीचा स्वतंत्र फलक बनवला. फ्रान्समध्ये नेहमीच्या फलकावर रेघेचा मोठा ‘ई’ सहज मिळेना, म्हणून २०१९ साली तिथल्या मानक संस्थेने नवी मांडणी जाहीर केली.

आमच्या धंद्यातला रुपया तरी कुठे सुटला? १५ जुलै २०१० रोजी सरकारने रुपयाचे चिन्ह मंजूर केले. उदयकुमार यांनी काढलेले, देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा संकर, वर शिरोरेघ. सुंदरच आहे. पण चिन्ह आले तेव्हा ते कुठल्याच फलकावर नव्हते! हौशी मंडळींनी लगोलग एक फाँट काढला, त्यात ‘टॅब’च्या वरच्या कळेवरच्या त्या उलट्या टिचकीएवढ्या खुणेच्या जागी रुपया बसवला. ज्याच्याकडे तो फाँट, त्याला रुपया दिसे. ज्याच्याकडे नाही, त्याला नुसती टिचकी. पाच हजार टिचक्या फक्त! रुपयाची किंमत घसरते असे आपण ऐकतो, पण इतकी घसरलेली कधी पाहिली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडने चिन्हाला खातेनंबर दिला आणि हळूहळू संगणकांत ते रुळले. आता भारतीय इंग्रजी मांडणी निवडली की उजवा ‘आल्ट’ धरून चार दाबायचे, रुपया हजर.

तर सांगायचा मुद्दा हा, की रजिस्टर आता तुम्हीसुद्धा लिहू शकता. मायक्रोसॉफ्टने यासाठी एक फुकट साधन दिले होते. पडद्यावर कळफलकाचे चित्र येते, हव्या त्या कळेवर टिचकी मारायची, तिथे हवे ते अक्षर ठेवायचे, नाव द्यायचे आणि बसवून टाकायचे. आम्ही घरच्या संगणकावर आमचा स्वतःचा फलक केला आहे. उजव्या ‘आल्ट’वर रुपया, अवग्रह, लांब आडवी रेघ आणि ‘ॲ’, सगळे बोटाखाली.

“झालं का?” सौ.ने विचारले.

“झालं. आता जगातलं कुठलंही अक्षर या घरात येऊ शकतं.”

“मग त्या गिझरवाल्याला आणा. गेले आठ दिवस तोही येत नाहीये.”

असो. पण हे सगळे हौसेचे काम नाही, हे आम्हाला समजले ते काउंटरवर. मागे आमच्या शाखेत एक बाई आल्या. यजमान वारले होते. त्यांच्या नावच्या मुदत ठेवीचे पैसे हवे होते. आडनावात ‘ळ’. मृत्यूच्या दाखल्यावर तो स्वच्छ छापलेला. पण संगणकात खाते इंग्रजीत चढवलेले, आणि रोमन ‘एल’वरून पुन्हा मराठी करताना यंत्राने आपल्या मताने ‘ल’ केला. रोमनमध्ये ‘काळे’ लिहून पाहा. काले, कले, कळे, काय वाटेल ते वाचता येते. कागद वर गेले आणि शेरा मारून परत आले: नावात तफावत. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र आणा, दोन साक्षीदार आणा.

बाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, बेचाळीस वर्षं मी ‘ळ’च्या घरात नांदले. आता पैशांसाठी ‘ल’ची बायको होते असं लिहून देऊ का?”

काउंटरच्या अलीकडे कोणाकडेच उत्तर नव्हते. प्रतिज्ञापत्र झाले, साक्षीदार झाले, पैसे मिळाले. दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात त्यांचे घर कसे चालले ते आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. हा सगळा खेळ एका अक्षराचा, आणि ते अक्षर त्या वेळीही रजिस्टरात होते. चढवणाऱ्याच्या पद्धतीत नव्हते.

तीच गोष्ट ‘ऱ्या’ची. रफार डोक्यावर गेला की ‘आचार्याला’, आणि पोटापाशी राहिला की ‘आचाऱ्याला’. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला जिलबीचा हिशेब द्यायचा. संस्कृताला या फरकाची गरज नाही; मराठीला आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत एक समुद्र आणि अख्खा सह्याद्री एवढे अंतर आहे. यंत्रावर अक्षर मिळत नाही म्हणून आपण जवळचे चालवून घेतो, आणि काही वर्षांनी तेच बरोबर वाटू लागते. लिपीसुधारणेला आमची हरकत नाही. ती माणसांनी विचार करून करावी. सुट्या पैशांऐवजी गोळ्या द्याव्यात तशी ती यंत्राने परस्पर करू नये.

म्हणून जाता जाता आमचा एक फुकट सल्ला. बँकवाला फुकट काही देत नाही, तेव्हा नीट जपून ठेवा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘एन’ दाबला की ‘ळ’ येतो. शिफ्ट धरून ‘जे’, मग नुसता ‘डी’, मग तिरकी रेघ, की ‘ऱ्य’ तयार; त्यावर काना दिला की ‘ऱ्या’. पुढच्या वेळी एखाद्या काळ्यांना, गोळ्यांना किंवा टिळकांना पत्र लिहाल तेव्हा इंग्रजी ‘एल’वर भागवू नका. दोन बोटांचे तर काम आहे. एवढी कळ सोसायला हरकत नाही.